डोंगरावर एक रात्र राहू द्या : जिल्हा प्रशासन, वनविभाग आणि डोंगरी तालुक्यांतील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. उपवनसंरक्षक, कोल्हापूर वनविभाग
तसेच पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य यांस

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूर शहरात राहणारा एक निवृत्त शिक्षक आहे. तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मुलांना घेऊन पन्हाळ्याच्या पलीकडे डोंगरात चालायला जात राहिलो. फळ्यावर काढलेल्या समोच्च रेषा ज्या मुलाला वर्षभर कळल्या नाहीत, त्याला मसाई पठाराच्या कडेवर उभे केले की त्या आपोआप कळतात, असा माझा अनुभव आहे. त्या मुलांतले काही आता स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच वाटांनी जातात, आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या एका अडचणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे मागणे थोडक्यात असे आहे. पाठीवर पिशवी घेऊन पायी येणाऱ्या माणसाला आपल्या जिल्ह्यातील डोंगरांवर, अभयारण्याच्या बाहेरच्या सरकारी मोकळ्या जमिनीवर, एक रात्र तंबूत किंवा उघड्यावर काढता येईल की नाही आणि येणार असेल तर कोणत्या अटींवर, हे आपण सर्वांनी मिळून लेखी ठरवावे. ते तसे ठरलेले नसल्यामुळे आज काय होते, हे सांगण्यासाठी गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग लिहितो. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नाही.

आम्ही चौघे होतो. मी, माझे दोन जुने विद्यार्थी आणि त्यांच्यापैकी एकाची बारा वर्षांची मुलगी. एस.टी.ने पायथ्याच्या गावी उतरलो आणि नेहमीच्या पाऊलवाटेने निघालो, तर वाडी संपते तिथे वाटेवर आडवी काटेरी तार. ही वाट गाव नकाशात तुटक रेषेने दाखवलेली आहे, मी ती पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः पाहिली आहे आणि त्या वाटेने वरच्या धनगरवाड्यातली बायामाणसे बाजाराला उतरताना कितीतरी वेळा भेटलेली आहेत. तारेला वळसा घालून, करवंदीच्या जाळीतून ओरखडे घेत आम्ही वर पोहोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. तंबू उभारायला घेतले तोच एक गृहस्थ आले आणि इथे राहता येणार नाही म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. कोणत्या आदेशाने, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, मला वरनं सांगितलंय, कुणालाच राहू द्यायचं न्हाई. कागद माझ्याकडं न्हाई." कागद नसला तरी माणूस आपले काम करत होता. आम्ही सामान आवरले आणि टॉर्चच्या उजेडात घसरड्या मुरमावरून दोन तास उतरत खाली आलो. त्या मुलीचा पाय दोनदा सटकला. त्या दिवशीच्या सगळ्या चालण्यात धोका कुठे असेल, तर तो त्या उतरण्यात होता.

खाली डांबरी रस्त्याच्या कडेला तलावाच्या काठी तीन गाड्या उभ्या होत्या. गाड्यांचे दरवाजे उघडे, आत मोठ्याने गाणी, आणि काठावरच्या गवतात पेटवलेली शेकोटी. त्यांना कोणी हटकले नव्हते, कारण हटकणारा माणूस एकटा होता आणि तो वर आमच्यापाशी होता.

यातून मला जे दिसले ते आपल्यापुढे ठेवतो. सरसकट "राहू नका" असे तोंडी सांगितले की ते ऐकतो तो ऐकणारा माणूस. ज्याला गाडीतून दारूची खोकी आणायची आहेत, तो एका तलावावरून उठून दुसऱ्या तलावावर जातो. हुल्लडबाजी कमी होत नाही, डोंगरावर शांतपणे येणारी माणसे मात्र कमी होतात. आणि डोंगरावर वणवा लागला, कोणी जनावरांसाठी फास लावला, झाड तोडले, तर त्याची पहिली खबर देणारी माणसेही बहुधा तीच असतात.

उघड्यावर रात्र काढणे हे शहरातल्या पोरांनी आणलेले नवे खूळ आहे, असे गावांतल्या काही मंडळींना वाटते, त्यांनी जरा आपल्याच भागाकडे पाहावे अशी माझी विनंती आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेसाठी सासनकाठ्या घेऊन चालत येणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या डोंगराच्या उतारावर आणि रानात मुक्काम करत आले आहेत. सुगी झाली की मेंढपाळ धनगरांचा वाडा रानोरान फिरतो आणि आपला शेतकरी त्याला हाकलून लावत नाही, उलट खतासाठी बकरी बसवायला बोलावतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. पंढरीच्या वाटेवर तर राहुट्यांचीच गावे वसतात. १२ आणि १३ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्यावरून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि जिच्या शेवटच्या टप्प्यावर बाजीप्रभूंनी खिंड लढवली, त्या वाटेने दर पावसाळ्यात शेकडो माणसे चालतात आणि मधला मुक्काम करपेवाडी, आंबेवाडीसारख्या वाड्यांतून करतात. चिखलाने माखलेल्या पन्नास माणसांना पडवीत जागा देऊन चुलीवरचा भात आणि आमटी वाढणाऱ्या त्या घरांना परवानगी नावाचा कागद कधी लागला नाही. पाहुण्याने कसे वागायचे हे पाहुण्याला ठाऊक होते आणि यजमानालाही. हे उभयपक्षी ठाऊक असणे आता पुरेसे राहिलेले नाही, हे मी मान्य करतो, म्हणूनच लेखी नियम मागतो आहे.

रात्रच कशाला हवी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत का येऊ नये, असा प्रश्न मला एका परिचित अधिकाऱ्यांनी मनापासून विचारला होता. त्याचे उत्तर मला तेव्हा त्यांना नीट देता आले नाही, ते आता देतो. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात शाहूवाडी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आम्ही मुक्कामाला होतो. जवळच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी काठी टेकत आमच्यापाशी आली आणि आम्ही ओढ्याजवळ पथारी टाकतो आहोत हे पाहून म्हणाली, "वड्याला पडू नगासा. रातचं गवं येत्यात पाण्याला. हिकडं बांधाच्या आडोशाला पडा, वारंबी लागायचं न्हाई." आम्ही तिने दाखवलेल्या जागी गेलो. मध्यरात्रीनंतर चंद्र चांगला वर आला आणि खाली ओढ्याच्या बाजूला आधी काटक्या मोडल्याचा आवाज झाला, मग एकामागून एक सहा गवे उघड्यावर आले. पायांचे पांढरे मोजे तेवढे चांदण्यात उठून दिसत होते, बाकी अंग म्हणजे नुसती काळी हालचाल. ते पाणी प्यायले, थोडा वेळ उभे राहिले आणि आल्या वाटेने परत गेले. आमच्यातला एकही मुलगा बोलला नाही. सकाळी त्यांनी स्वतः होऊन ओढ्याकाठचे खूर मोजले, दोन खुरांतले अंतर हातांच्या वितीने मोजून वहीत लिहिले आणि म्हातारीच्या घरी जाऊन गवे कोणत्या महिन्यात कोणत्या पाणवठ्यावर येतात ते विचारून घेतले. संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.ने परतणाऱ्या माणसाला यातले काहीही दिसत नाही. त्याला दुपार दिसते, आणि डोंगरावरची दुपार ही चोवीस तासांतली सर्वांत मुकी वेळ असते.

आता कायद्याकडे वळतो. माझ्या वाचनानुसार गोंधळाचे एक मोठे कारण असे की, वेगवेगळ्या दर्जाच्या जमिनींना लोक सरसकट "फॉरेस्ट" म्हणतात आणि सगळीकडे एकच बंदी आहे असे समजतात. आपल्या जिल्ह्यात राधानगरी अभयारण्य आहे, १९५८ मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठी राखलेले आणि आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीचाही त्यात समावेश झाला. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे आणि पर्यटनासाठी परवाना देण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. तिथे रात्रीचा तंबू मी मागत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही मागत नाही. त्या जागा जनावरांच्या आहेत आणि तिथे माणसाने दिवसा, ठरलेल्या वाटेने आणि वाटाड्याबरोबर जावे, हेच योग्य आहे.

परंतु मसाई पठार, पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही जी संवर्धन राखीव क्षेत्रे अलीकडच्या वर्षांत घोषित झाली, त्यांचा दर्जा अभयारण्याचा नाही. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-अ मध्ये अभयारण्याच्या कोणत्या तरतुदी संवर्धन राखीव क्षेत्राला लागू होतील, हे नेमकेपणाने सांगितले आहे. कलम २७ च्या पोटकलम २, ३ आणि ४ लागू होतात, म्हणजे वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे तिथे गुन्हा आहे. कलम ३० लागू होते, म्हणजे आग लावणे गुन्हा आहे. मात्र प्रवेशावर सरसकट बंधन घालणारे कलम २७ चे पोटकलम १ त्या यादीत नाही. संसदेने ते अनवधानाने वगळले असेल असे मानायला जागा नाही. ज्या जमिनीवर गावे गुरे चारत होती आणि वाटसरू चालत होते, ती जमीन त्यांना परकी करायची नाही, पण तिला आग, कचरा आणि छळ यांपासून वाचवायचे, असाच त्या तरतुदीचा अर्थ दिसतो. त्याच कायद्यातले कलम ३६-ब अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती सांगते आणि तिच्यात क्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असलाच पाहिजे असे म्हणते. म्हणजे मी जे ठरवायला सांगतो आहे, ते ठरवण्याची जागा कायद्याने आधीच करून ठेवलेली आहे.

अर्थात यातली काही जमीन राखीव वनाची आहे आणि तिला १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे, ज्याच्या कलम २६ मध्ये अनधिकृत प्रवेश आणि आग या दोन्हींना शिक्षा आहे. तिथे वनविभागाची लेखी अनुमती लागेल, हे उघड आहे. पण त्याच अधिनियमाच्या कलम २५ कडेही आपले लक्ष वेधतो. राखीव वनातली वाट बंद करायची तर राज्य शासनाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी आणि तिच्या बदली वाजवी सोयीची दुसरी वाट उपलब्ध हवी, असे ते कलम सांगते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या, इंग्रजी अमलातल्या कायद्यानेही वाट अडवणे इतके सोपे ठेवलेले नव्हते. शेतकऱ्याच्या शेताची वाट कोणी अडवली तर त्याला मामलेदार कोर्ट ॲक्टखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. डोंगरावर जाणाऱ्या पाऊलवाटेचा असा कोणी एक मालक नसतो, म्हणून ती अडवली तर दाद मागायला कोणी पुढे येत नाही. नकाशावर तुटक रेषा राहते आणि जमिनीवर तार येते.

आता दुसरी बाजू. ती मी टाळली तर हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

आमच्यासारख्या चालणाऱ्यांनीही डोंगर नासवले आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी एका सड्याची एक बाजू साफ केली. पाण्याच्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटे अपेक्षित होती, ती सापडलीच. त्यांच्याबरोबर फुटलेल्या काचा, ओल्या टिश्यूंचे गोळे, अर्धवट जळालेल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, एक फाटका तंबू आणि त्याचे वाकलेले सळे असे सगळे मिळाले. काचेमुळे एका म्हशीच्या खुराला झालेली जखम त्याच दिवशी एका गुराख्याने आम्हाला दाखवली. जखम पिकली होती आणि तिच्यावर हळद चोपडून कापडाची पट्टी बांधलेली होती. तो रागावून काही बोलला नाही, नुसता म्हशीचा पाय उचलून आमच्यापुढे धरून उभा राहिला.

आणि शेकोटी. जांभ्याच्या सड्यावर माती असते ती काही बोटांची. पावसाळ्यात तिच्यात गेंद, सीतेची आसवे, तेरडा आणि सोनकी फुलतात. हिवाळ्यात तो सडा तपकिरी आणि मेलेला वाटतो, पण बी आणि कंद त्या चार बोटे मातीतच निजलेले असतात. तिथे एक रात्र लाकडे जाळली की खालची माती भाजून निघते आणि पुढच्या भाद्रपदात त्या जागी फुलांच्या मधोमध एक काळे वर्तुळ उघडे पडते. मी अशी वर्तुळे पाहिली आहेत आणि त्यांतली एक-दोन, फार पूर्वी, आमच्याच चुलीची होती. चूल मांडायला किंवा तंबूला वाऱ्यापासून आडोसा करायला जे सुटे दगड उचलले जातात, त्यांच्याखाली विंचू, पाली आणि बेडूक राहतात, हेही आम्हाला फार उशिरा कळले. शिवाय फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात एका ठिणगीने काय होते, हे वणवा विझवायला रात्री डहाळ्या घेऊन धावणाऱ्या वनरक्षकांना आणि वाड्यांतल्या तरुणांना मी सांगण्याची गरज नाही.

हे सगळे खरे असूनही बंदी हा त्यावरचा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला बाहेरच्या काही उदाहरणांचा आधार आहे. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे सुमारे ९५० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या सामाईक माळरानांवर मोकळ्या हवेतल्या मनोरंजनासाठी पायी किंवा घोड्यावरून जाण्याचा हक्क १९८५ च्या एका कायद्याने जनतेला दिला आहे. मोकळ्या हवेतल्या मनोरंजनात तंबूत रात्र काढणे येते का, असा वाद एका जमीनमालक दांपत्याने न्यायालयात नेला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने येत नाही म्हटले, त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने येते म्हटले आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लोकांच्या बाजूने निकाल दिला. जमीनमालकांची भीती खोटी होती असे नाही. आग, कचरा आणि जनावरांना होणारा त्रास हीच त्यांचीही कारणे होती. पण त्यावर उद्यान प्राधिकरणाने नियम करावेत आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा करावी, हक्कच नाकारू नये, या दिशेने तो वाद मिटला. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने बिनशेतीच्या मोकळ्या जमिनीवर तंबू टाकता येतो, पण सर्वांत जवळच्या घरापासून दीडशे मीटर दूर, आणि विनापरवानगी दोन दिवसांपेक्षा जास्त एका जागी नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क जवळजवळ सर्वत्र दिला आहे. तरीही लॉक लोमंड या सरोवराच्या गर्दीच्या काठांवर नासधूस वाढली, तेव्हा तेवढ्याच पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना सक्तीचा केला. बाकीचा देश मोकळाच राहिला. मला हे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते, कारण आपल्याकडेही त्रास सगळ्या डोंगरांवर नाही, तो गाडी जिथपर्यंत पोहोचते त्या दहा-बारा जागांवर आहे.

आपल्याच देशातली उत्तराखंडची गोष्ट मात्र मनाला लागते. तिथल्या उंचावरच्या कुरणांवर, म्हणजे बुग्यालांवर, व्यापारी तंबूंची वस्ती आणि कचरा इतका वाढला की ऑगस्ट २०१८ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामालाच मनाई केली. वेळेवर साधे नियम झाले असते, तर न्यायालयाला इतक्या टोकाला जावे लागले नसते असे मला वाटते. आपल्या पठारांवर ती वेळ अजून आलेली नाही.

सरपंच आणि सदस्य मंडळींशी आता दोन शब्द बोलतो, कारण शेवटी डोंगर आपल्या दारात आहे आणि त्रासही आपल्यालाच आहे. शहरातला माणूस येतो, आपल्या विहिरीचे पाणी वापरतो, आपल्या वाटेवर घाण करतो आणि पैसे मात्र रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात देऊन जातो, ही आपली तक्रार रास्त आहे. पायी येऊन मुक्काम करणारा माणूस यात वेगळा आहे. तो एस.टी.ने किंवा वडापने येतो, त्याला वाटाड्या लागतो, रात्रीची भाकरी आणि सकाळचा चहा लागतो, आणि हे सगळे त्याला वाडीतच घ्यावे लागते. शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा आणि २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाचा लाभ घ्यायला जागा, गुंतवणूक आणि नोंदणी लागते, ते प्रत्येक वाडीला जमणार नाही. पण मुक्कामाची नोंदवही ठेवणे, माणशी थोडे शुल्क घेणे आणि त्यातून पाणंद दुरुस्त करणे हे कोणत्याही ग्रामपंचायतीला जमेल. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावाने मधाचे गाव म्हणून नाव कमावले. तिथे जंगल राखून जंगलाच्या आधारानेच चार पैसे मिळवता येतात, हे आपल्याच माणसांनी करून दाखवले आहे.

त्यामुळे माझी विनंती अशी आहे की, व्यवस्थापन समित्यांनी ग्रामपंचायतींशी बोलून, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, देवराया आणि गडांच्या तटबंदीच्या आतली जागा वगळून, प्रत्येक तालुक्यात मुक्कामाच्या दोन-तीन जागा आधी निवडाव्यात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तिथली गर्दी वाढणारच आहे, तेव्हा गडावर तंबू नकोच, पण गडापासून निघणाऱ्या जुन्या वाटांवर तो असावा. आजरा आणि चंदगडच्या ज्या भागात हत्तींचा वावर आहे, तिथे वनविभागाने नाही म्हटले तर ते अंतिम मानावे. मुक्काम पायी येणाऱ्यालाच द्यावा, एका वेळी सहा जणांपेक्षा जास्त नको, आणि एकाच रात्रीसाठी. तंबू मावळतीला उभा राहावा आणि सकाळी उन्हे चढायच्या आत उठावा. पाणवठ्यापासून शंभर पावले आणि घरांपासून दीडशे मीटर अंतर असावे. लाकडाची शेकोटी कोणत्याही ऋतूत नको, स्वयंपाक छोट्या गॅसच्या शेगडीवर किंवा वाडीतल्या घरी. दारू नको, स्पीकर नको, दगड हलवायचे नाहीत. मुक्कामाआधी ग्रामपंचायतीत नाव, फोन नंबर आणि परतण्याची वेळ नोंदवावी, आणि परतताना कचऱ्याची पिशवी दाखवून नोंद पुरी करावी. हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच ठेवावा, म्हणजे फुलांचा काळही टळेल आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होणारा वणव्याचा काळही. पावसाळ्यातली पावनखिंडीची वाट वाड्यांतल्या घरांच्या आधाराने चालते, ती तशीच चालू द्यावी.

नियम मोडणाऱ्यावर कारवाई कडक व्हावी, त्यात चालणाऱ्यांना कोणतीही सवलत नको. पण हे सगळे मराठीत, एका पानावर, सही-शिक्क्यानिशी असावे आणि ते पान वनरक्षकाच्या खिशात, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आमच्या पिशवीत असावे. म्हणजे संध्याकाळी पठारावर समोरासमोर आल्यावर त्या गृहस्थांना "कागद माझ्याकडं न्हाई" म्हणावे लागणार नाही आणि आम्हाला अंधारात पोर घेऊन उतरावे लागणार नाही.

आणि वाटांबद्दल. गाव नकाशातल्या ज्या पाऊलवाटा वाड्यांना आणि पठारांना जोडतात, त्यांची महसूल विभागाने प्रत्यक्ष पाहणी करावी, तार किंवा गडगा आडवा आला असेल तिथे मालकाशी बोलून एक माणूस वाकून जाईल एवढे छिंड तरी ठेवून घ्यावे. शेतकऱ्याचे पीक तुडवून जाण्याचा हक्क मी मागत नाही. बांधाची कड पुरेशी आहे.

या कामात आम्ही जुनी माणसे उपयोगी पडू शकतो. माझ्याकडे तीस वर्षांच्या वह्या आहेत, त्यांत पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंतच्या वाटा, पाणवठे, कोणत्या महिन्यात कुठे पाणी आटते आणि गवे कुठे उतरतात याच्या नोंदी मुलांच्या अक्षरात आहेत. त्या वह्यांच्या प्रती मी समितीला विनामूल्य देईन, आणि पाहणीसाठी आपल्यापैकी जो कोणी निघेल त्याच्याबरोबर वाट दाखवायला येईन. गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, पण सावकाश चढतो. दिवाळीनंतरचा कोणताही रविवार मला चालेल. सकाळी सहाला मध्यवर्ती बसस्थानकावर येतो, गाडी पाठवण्याची आवश्यकता नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
कोल्हापूर